जुनीं चित्रपट-भित्तिपत्रकें : जीर्णोद्धार कीं प्रक्षेप ?

(१)

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत चित्रपटांच्या जाहिरातींचा विचार व्हावा, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. ताम्रपट, शिलालेख, बखरी, करीने, महजर, वंशावळी हीं आपलीं नित्याचीं साधनें. त्यांच्या पंक्तीस थिएटराच्या भिंतीवर डकविलेला रंगीत कागद बसवावा काय, असें कोणीं विचारल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु साधनाची योग्यता त्याच्या वयावरून किंवा कुळावरून ठरत नाहीं. तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकतें यावरून ठरते. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनास आपण इतिहासाचें साधन निर्माण करीत आहों असें कधीं वाटलें नसेल. त्यानें त्या दिवशींचा जमाखर्च टिपून ठेवला, इतकेंच. आज त्याच टिपणावरून आपण त्या काळचे बाजारभाव काढतों.

जुनीं भित्तिपत्रकें, ज्यांस लोक पोस्टर म्हणतात, जमवावीं आणि त्यांच्या फाटक्या कडा, घड्या व डाग स्वतःच्या हातानें दुरुस्त करावे, हा छंद अमेरिकेंत आणि युरोपांत चांगलाच रुजला आहे. आपल्याकडेहि त्याचे उपासक आढळतात, आणि त्यांत पोथ्या जमविणारे गृहस्थ अगदींच नाहींत असें नव्हे. या छंदाची स्तुति करावी किंवा निंदा करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. ही दुरुस्ती ज्या रीतीनें सामान्यतः केली जाते त्या रीतीची परीक्षा करावी, आणि ती आपल्या परिचयाच्या शास्त्राच्या, म्हणजे पाठचिकित्सेच्या, कसोटीवर करावी, एवढाच हेतु आहे.

(२)

प्रथम या कागदांचें साधनमूल्य पाहूं. आपल्याकडे मूकपटांचा काळ सन १९१३ मधील दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’पासून सुमारें सन १९३४ पर्यंतचा धरतात. या अवधींत तेराशेंहून अधिक चित्रपट निघाले. पूर्ण किंवा खंडित रूपानें आज हातीं आहेत ते तिसांच्या आसपास. सन १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. हा नाश एका कारणानें झाला नाहीं. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती स्वभावतःच ज्वालाग्राही, आणि आग न लागली तरी काळानें कुजून तिची भुकटी होते. कित्येक रिळें तींतील चांदी काढण्यासाठीं विकलीं गेलीं. सन २००३ च्या जानेवारींत पुण्यास लागलेल्या आगींत नायट्रेटच्या पुष्कळ रिळांची राख झाली.

ज्या ग्रंथाची एकहि प्रत उरलेली नाहीं, त्याचें अस्तित्व आपण इतरांनीं दिलेल्या उताऱ्यांवरून व उल्लेखांवरून सिद्ध करतों. नष्ट झालेल्या चित्रपटाच्या बाबतींत हेंच काम भित्तिपत्रक, थिएटरांत विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका, स्थिरचित्रें आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती करतात. परदेशांतहि असेंच आहे. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा सन १९२७ चा अमेरिकन मूकपट; त्याची शेवटची ज्ञात प्रत सन १९६५ च्या आगींत जळाली असें मानतात. चित्रपट गेला, परंतु त्याचें एक भित्तिपत्रक उरलें, आणि सन २०१४ मध्यें तें डॅलस येथें लिलावांत ४,७८,००० डॉलरांस गेलें. किंमतीचा आंकडा आपण बाजूस ठेवूं. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें महत्त्व हें कीं, तो चित्रपट लोकांपुढें कोणत्या रूपानें ठेवला गेला याचा समकालीन पुरावा त्या एका कागदांत आहे.

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचें आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें सन १९२४ मध्यें ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. कंपनीचे संस्थापक बाबूराव पेंटर हे जातीचे चित्रकार. या चित्रपटाचें रंगीत भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय भित्तिपत्रकांत अत्यंत जुन्यांपैकीं गणलें जातें. कल्याणच्या स्वारीविषयीं तें कांहीं सांगेल अशी अपेक्षा अर्थात् कोणी करूं नये. सन १६५७ साठीं तें प्रमाण नव्हे. परंतु सन १९२४ मध्यें कोल्हापुरांतील एका कुशल चित्रकारानें शिवकालाची कल्पना कशी केली, पोषाख, शस्त्रें आणि मुद्रा कोणत्या ठरविल्या, आणि अक्षरें कोणत्या वळणाचीं घातलीं, याविषयीं तें प्रथम प्रतीचें साधन आहे. शिवचरित्र लोकमानसांत कोणत्या वाटांनीं उतरलें याचा शोध घेणाऱ्यास हा कागद टाळतां येणार नाहीं.

(३)

आतां वस्तूचें स्वरूप. पोथ्यांचे संग्राहक ज्या कागदास सरावले आहेत तो जुन्नरी किंवा दौलताबादी कागद चिंध्यांच्या आणि तागासारख्या झाडांच्या लांब तंतूंचा, हातानें केलेला, पेजेची खळ देऊन घोटलेला. दोनदोनशें वर्षें झालीं तरी तो घडी घातल्यास मोडत नाहीं. भित्तिपत्रकाचा कागद याच्या उलट. तो यंत्रानें केलेला, बहुधा लांकडाच्या लगद्याचा. शाई फुटूं नये म्हणून त्यांत राळ आणि तुरटी घातलेली असते. तुरटीमुळें कागदांत आम्लता येते, आणि ती तंतु तोडीत जाते. लांकडांतील लिग्निन हें द्रव्य उजेडानें व हवेनें पिवळें-तपकिरी पडतें. त्यांतून हा कागद चार-सहा आठवडे टिकावा एवढ्याच बेतानें केलेला. छापणारानें तो आपल्या नातवंडांसाठीं छापला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कागदाची टंचाई पडल्यामुळें त्या वर्षांचे कागद तर विशेषच निःसत्त्व आढळतात.

छपाईचा प्रकार ओळखणें हें संग्राहकाचें दुसरें काम. जुनीं रंगीत भित्तिपत्रकें शिळाछापाचीं असत. रविवर्म्याच्या छापखान्यानें (स्थापना सन १८९४) देवदेवतांच्या चित्रांच्या निमित्तानें जी शिळाछपाई घरोघर पोंचविली, तिच्याच जातीचें हें तंत्र. भिंगाखालीं पाहिलें असतां शिळाछापांत खडूच्या ओढीसारखे अनियमित कण दिसतात, आणि प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून आल्यामुळें कडेला रंग किंचित् सरकलेला आढळतो. छायाचित्र घेऊन केलेल्या पुढील काळच्या छपाईंत मात्र ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. मूळ शिळाछापाची म्हणून विकावयास आलेली प्रत जर भिंगाखालीं जाळी दाखवूं लागली, तर ती नवी नक्कल आहे असें निःशंक म्हणावें. लिपीच्या वळणावरून दानपत्राचा बनावटपणा उघडकीस आणण्यासारखेंच हें काम आहे.

तिसरी गोष्ट कडांची. पोथीच्या समासांत पत्रांक आणि ग्रंथनामाचें संक्षिप्त रूप असतें. तसें भित्तिपत्रकाच्या खालच्या कडेस छापखान्याचें नांव, गांव, क्वचित् चित्रकाराची सही असते. अमेरिकेंत सन १९४० पासून नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या संस्थेमार्फत गेलेल्या बहुतेक भित्तिपत्रकांच्या तळाशीं वर्ष आणि अनुक्रम दाखविणारा आंकडा छापला जाई, आणि चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला असल्यास त्या आंकड्यामागें एक विशिष्ट अक्षर येई. मूळ प्रत कोणती आणि पुनःप्रदर्शनाची कोणती, हा वाद त्या अर्ध्या इंचाच्या पट्टीवर मिटतो. मागील बाजूसहि वितरकाचा शिक्का, पेन्सिलीनें लिहिलेलें थिएटराचें नांव किंवा खेळाची तारीख सांपडते. पोथीच्या पुष्पिकेंत लेखक आपलें नांव, शक आणि स्थळ देतो. या कागदाची पुष्पिका अशी कडेस आणि पाठीवर विखुरलेली असते.

(४)

छंदी लोकांचे उपकार प्रथम मान्य केले पाहिजेत. सरकारी संग्रहालयांनीं या कागदांकडे लक्ष देण्यापूर्वीं ते या लोकांनींच वाचविले. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सन १९६४ मध्यें निघालें. तोंवर ‘राजा हरिश्चंद्रा’स एकावन्न वर्षें होऊन गेलीं होतीं. मधल्या काळांत जें उरलें तें थिएटरांच्या अडगळींत, रद्दीवाल्यांकडे आणि कोणा हौशी गृहस्थाच्या पेटींत उरलें.

त्यांच्या कौशल्याचीहि थोरवी आहे. पेन्सिल्व्हानिया प्रांतांतील बरविक गांवच्या परिसरांत तेहतीस भित्तिपत्रकांचा एक गठ्ठा सांपडला. तीं सारीं सन १९३०-३१ च्या सुमाराचीं, आणि भिंतीस कागद लावण्याच्या खळीनें एकमेकांवर डकवून त्यांचा एक जाड थर झालेला. तीं सुटीं करण्यांत आलीं, आणि सन २०१२ मध्यें त्यांचा पांच लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस लिलाव झाला. ओल लागून वीट झालेल्या पोथीचीं पानें ज्यानें कधीं सोडविलीं आहेत त्यास या कामीं किती धीर लागला असेल हें सांगावयास नको. अशा हातांविषयीं आदरच वाटतो. पुढील टीका या हातांवर नाहीं. ती त्या हातांनीं पत्करलेल्या तत्त्वावर आहे.

(५)

प्रचलित रीत थोडक्यांत अशी. फळीवर सुती कापड ताणून बसवितात. व्यापारी त्यास लिनन म्हणतात. त्यावर आम्लरहित कागदाचा एक थर डकवितात. भित्तिपत्रक धुऊन, घड्या सैल करून, त्या थरावर खळीनें बसवितात. तें ताणलेल्या स्थितींत वाळल्यावर घड्यांवर उडालेला रंग, किड्यांनीं खाल्लेलीं भोंकें आणि फाटलेल्या जागा रंगीत पेन्सिलींनीं व जलरंगांनीं भरतात. काम उत्तम झालें असल्यास दोन हातांवरून पाहणारास दुरुस्ती कोठें आहे हें कळत नाहीं. किंबहुना तें न कळणें हीच कारागिराची प्रतिष्ठा समजली जाते.

माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे. आपल्या जुन्या लेखकांची चाल याच्या अगदीं विरुद्ध होती. पोथी लिहितांना अक्षर चुकल्यास ते त्यावर हरताळ फांसीत. हरताळ पिवळी, ती लपत नसे. पुढील वाचकास लगेच कळे कीं येथें कांहीं होतें, तें काढलें, आणि त्यावर हें लिहिलें. मूळ प्रतींत अक्षरें गेलेलीं असतील तेथें प्रामाणिक लेखक जागा कोरी सोडी किंवा नुसत्या रेघा ओढी. पदरचीं अक्षरें घालीत नसे. जेथें कोणीं घातलीं तेथें आपण त्यास प्रक्षेप म्हणतों, आणि तो शोधून काढण्यांत चिकित्सकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. उत्तम जमलेला प्रक्षेप हा वाईट जमलेल्या प्रक्षेपाहून अधिक घातक असतो, कारण तो सांपडत नाहीं. भित्तिपत्रकावरील नायिकेच्या गालाचा उडालेला तुकडा ज्यानें बेमालूम रंगविला त्यानें एक सुंदर प्रक्षेप केला. पन्नास वर्षांनीं कोणी विद्वान् त्या गालाच्या छटेवरून मूळ चित्रकाराच्या शैलीविषयीं अनुमान काढील, आणि तें दुरुस्ती करणाराच्या शैलीविषयींचें असेल.

हा प्रश्न इतरांनींहि सोडविला आहे, आणि तो सोडवितांना दोन दूरच्या शास्त्रांनीं एकच युक्ति काढली हें लक्षांत घेण्यासारखें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ति सन १९१९ मध्यें आरंभिली गेली आणि सन १९६६ मध्यें पुरी झाली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं तींत असा संकेत ठेवला कीं, जो पाठ संपादकानें स्वीकारला परंतु ज्याविषयीं पूर्ण निश्चय नाहीं, त्याखालीं नागमोडी रेघ छापावी. श्लोक सलग वाचतां येतो, अर्थ तुटत नाहीं. पण सावध वाचकास संशयस्थळ दिसतें. रोम येथें सन १९३९ मध्यें स्थापन झालेल्या मध्यवर्ती जीर्णोद्धार-संस्थेंत चेझारे ब्रांदी यांच्या नेतृत्वाखालीं चित्रांतील गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनीं भरण्याची पद्धति निघाली. दुरून चित्र अखंड दिसतें. जवळ गेल्यास रेघा दिसतात आणि कोणता भाग नवा तें कळतें. पुण्याची नागमोडी रेघ आणि रोमची उभी रेघ यांचें तात्पर्य एकच : भरावें, पण भरलें आहे हें लपवूं नये.

दुसरा आक्षेप अस्तरावर. कापडावर डकविल्यानें कागदास बळ येतें हें खरें. आपल्याकडील जुने नकाशे असेच कापडावर डकविलेले असत. परंतु अस्तर लागतांच पाठ कायमची झांकली जाते, आणि पुष्पिकेचा निम्मा भाग पाठीवर असतो हें वर सांगितलेंच आहे. शिवाय खोट्या प्रतीस अस्तर हें उत्तम कवच होय. नवा कागद पाठीमागून ओळखणें सोपें असतें. पाठच दिसेनाशी झाली म्हणजे परीक्षकाचा एक डोळा गेला. ज्या भित्तिपत्रकाची घडी अजून धड आहे, कागद हातांत तुटत नाहीं, त्यास केवळ भिंतीवर शोभावें म्हणून अस्तर लावणें हें निरोगी माणसास काठी देण्यासारखें आहे. ज्याचे तुकडे पडत आहेत त्यास आधार अवश्य द्यावा. पण तत्पूर्वीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि तो आधार पुढें काढतां येईल असा असावा.

काढतां येईल असा, या अटीवर बाजारांतील निम्मीं साहित्यें बाद होतात. चिकटपट्टीचा गोंद कांहीं वर्षांत पिवळा पडून तंतूंत मुरतो; पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. इस्त्रीनें वितळवून चिकटविण्याचा कागद, रबराचा सोल्यूशन, फेव्हिकॉलसारखे पांढरे गोंद, हे सारे एकदां बसले कीं काढतांना मूळ कागद घेऊन निघतात. आपले बुकबाइंडर खळीस कसर लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालतात. मोरचुदांतील तांबें कागदाचा क्षय वेगानें करतें, म्हणून कसरीपासून वांचलेलें पान मोरचुदानें जातें. याउलट गव्हाच्या सत्त्वाची शुद्ध खळ आणि कोझो नांवाच्या झाडाच्या तंतूंचा पातळ जपानी कागद ही जोडी पाण्याच्या ओलाव्यानें केव्हांहि सोडवितां येते. नवें साहित्य तेवढें चांगलें अशी समजूतहि टाकावी. गेल्या शतकांत दप्तरखान्यांतून जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पापुद्र्यांत कायमचे बंद करण्याची पद्धति मोठ्या विश्वासानें स्वीकारली गेली. पुढें पापुद्राच बिघडूं लागला आणि तो सोडविणें हेंच एक वेगळें काम होऊन बसलें.

तिसरा आक्षेप धुण्यावर आणि कापण्यावर. साध्या पाण्यानें धुतल्यास आम्ल व पिवळेपणा कांहीं अंशीं जातो. चुन्याच्या निवळीसारख्या किंवा मॅग्नेशियमच्या सौम्य क्षारद्रवानें उरलेली आम्लता मारतां येते. हें शास्त्रशुद्ध आहे. परंतु कांहीं रंग पाण्यांत फुटतात, आणि प्रशियन निळा तर क्षारानें उडतो. म्हणून प्रत्येक रंगाची कोपऱ्यांत थेंबभर परीक्षा घेतल्याशिवाय कागद भिजविणें हें साहस होय. कागद पांढराशुभ्र व्हावा म्हणून ब्लीचिंगचें पाणी वापरणें मात्र सर्वथा त्याज्य : डाग जातो आणि त्याबरोबर तंतूंची शक्तिहि जाते. फाटक्या कडा सरळ करण्यासाठीं पट्टी धरून कापणें हें त्याहून वाईट. जो हें करतो तो छापखान्याचें नांव आणि सन कचऱ्यांत टाकतो. एकाद्या सनदेचा शिक्का वांकडा बसला आहे म्हणून तेवढा भाग कोणी कापून काढील काय ?

(६)

यावर पूर्वपक्ष असा येईल. पहिलें, भित्तिपत्रक हें पाहण्यासाठींच जन्मलें. फाटकें, डागाळलेलें, मधोमध घडीची पांढरी रेघ असलेलें चित्र हें त्याच्या निर्मात्याच्या हेतूशीं द्रोह करतें. दुसरें, ही कांहीं एकमेव पोथी नव्हे. हिच्या शेंकडों प्रती छापल्या गेल्या, म्हणून एका प्रतींतील गेलेला भाग दुसऱ्या प्रतीवरून निश्चित भरतां येतो, आणि त्यास प्रक्षेप म्हणणें अन्यायाचें आहे. तिसरें, देवालयाचा जीर्णोद्धार करतांना आपण फुटके दगड बदलतोंच. मग कागदालाच हा सोंवळेपणा कां?

पहिल्या मुद्द्यांत तथ्य आहे. चित्र डोळ्यांस अखंड दिसावें ही इच्छा रास्त आहे, आणि वर सांगितलेली उभ्या रेघांची रीत ती इच्छा पुरी करते. त्याहून सोपा मार्ग आजच्या काळीं उपलब्ध आहे. मूळ कागदाचें उत्तम छायाचित्र घेऊन संगणकावर त्या छायाचित्रांतील घड्या, डाग आणि भोंकें हवीं तशीं भरावीं, त्याची प्रत छापून भिंतीवर लावावी, आणि मूळ कागद पेटींत सुरक्षित ठेवावा. यांत रसिकाचा आनंद कमी होत नाहीं आणि संशोधकाचा पुरावा बुडत नाहीं. छापील प्रतीच्या कोपऱ्यांत ती प्रत आहे असें लिहावें, म्हणजे ती पुढें मूळ म्हणून विकली जाणार नाहीं.

दुसरा मुद्दा अधिक विचाराचा आहे, आणि तो पाठचिकित्सेच्या अंगणांतलाच आहे. दोन प्रती ताडून एकीतील त्रुटि दुसरीवरून भरणें हें संपादकाचें नित्यकर्मच होय. परंतु संपादक तें करतांना कोणता पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला हें टीपेंत सांगतो. दुरुस्तीकारानें असें सांगितल्यास माझा आक्षेप उरत नाहीं. शिवाय ‘प्रती सारख्याच’ हें गृहीत नेहमीं खरें नसतें. एकाच चित्रपटाचीं निरनिराळ्या चित्रांचीं भित्तिपत्रकें निघत. पुनःप्रदर्शनाच्या वेळीं नवें चित्र किंवा नवी अक्षरयोजना येई. एका शाखेचा पाठ दुसऱ्या शाखेच्या पोथींत घुसडल्यानें जो संकर होतो, तो येथेंहि होईल.

तिसऱ्या मुद्द्यास उत्तर असें कीं, देवालय हें चालू उपासनेचें स्थान आहे. तेथें दगड बदलला तरी उपासना अखंड राहते. भित्तिपत्रकाची उपासना, म्हणजे खेळाची जाहिरात, केव्हांच संपली. आतां त्यास जें मूल्य आहे तें साक्षीदाराचें. साक्षीदाराचे कपडे नीटनेटके असावे. त्याची जबानी दुसऱ्यानें लिहून देऊं नये.

(७)

केवळ दोष दाखवून थांबणें बरें नव्हे, म्हणून छंदी गृहस्थांस व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. काम हातीं घेण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र, लांबी-रुंदी, कडेवरील सर्व मजकूर आणि दोषांची यादी एका वहींत उतरावी. कोरड्या मऊ कुंच्यानें धूळ काढणें, ओलसर टीपकागदाच्या सान्निध्यांत घड्या सैल करणें, फाट मागून जपानी कागदाच्या पट्टीनें जोडणें, येथवर सरावानें कोणासहि जाईल. धुणें, जुनें अस्तर काढणें आणि चिकटपट्टीचे डाग उतरविणें हीं कामें जाणत्याकडे सोंपवावीं. हात आधीं दोन पैशांच्या रद्दी जाहिरातींवर बसवावा.

जें केलें तें त्याच वहींत लिहावें : कोणती खळ, कोणता कागद, कोठें रंग भरला, कोणत्या प्रतीच्या आधारें भरला. वहीची एक प्रत भित्तिपत्रकाबरोबर राहावी, आणि वस्तु दुसऱ्याकडे गेली तर तीहि जावी. ठेवणीविषयीं इतकेंच कीं, कागद सपाट ठेवावा. आम्लरहित वेष्टणांत किंवा शुद्ध पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवावा, पीव्हीसीच्या पिशवींत नव्हे. कोंकणांत व मुंबईस पावसाळ्यांत बुरशी धरते. त्या दिवसांत हवा खेळती ठेवून वरचेवर पाहणी करावी. भिंतीवर लावावयाचेंच असल्यास उन्हापासून दूर, मंद उजेडांत (पन्नास लक्सपेक्षां अधिक नाहीं) आणि थोडे महिनेच लावावें. आपले जुने लेखक ग्रंथाच्या शेवटीं तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बंधनापासून पोथी रक्षण करण्याची विनंती वाचकास करीत. त्या तीन शत्रूंत उजेड आणि आम्ल या दोघांची भर घातली म्हणजे नियम पुरे झाले.

(८)

शेवटीं संशोधकवर्गास एक विनंति. पोथ्यांच्या वर्णनात्मक सूची करण्याची रीत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली आहे. तशी सूची महाराष्ट्रांतील खासगी संग्रहांत असलेल्या चित्रपट-भित्तिपत्रकांची व्हावी. रकाने फार नकोत : चित्रपट, कंपनी, सन, माप, छपाईचा प्रकार, छापखाना, चित्रकाराची सही, पाठीवरील नोंदी, मूळ कीं पुनःप्रदर्शनाची प्रत, आणि आजवर झालेली दुरुस्ती. यांतील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि आजच्या बहुतेक संग्रहांत तोच कोरा राहील. महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि प्रभात यांच्या आरंभींच्या चित्रपटांपासून सुरुवात केल्यास काम आटोक्यांत राहील, कारण कोल्हापूर आणि पुणें या दोन ठिकाणीं त्यांची जन्मभूमि आहे आणि जुन्या कुटुंबांतून कागद सांपडण्याचा संभव तेथेंच अधिक.

ज्या संग्राहकांनीं हे कागद पदरमोड करून वाचविले त्यांनीं ही वही ठेवण्याचा थोडा त्रास आणखी सोसावा. त्यांच्या संग्रहावर पुढील अभ्यासक किती भरंवसा ठेवूं शकेल हें त्या वहीवरून ठरणार आहे. इत्यलम्.